काच माझी, चौकट तुमची

आदरणीय मिस्त्री,

सा. न. वि. वि.

पत्र असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. ‘नाव छापू नको, लोक पत्ता काढून कुडाळला येतील नि माझे गुडघे आता ऐकत नाहीत,’ असं तुम्ही फोनवर बजावलंत. म्हणून नाव घालत नाही. लालबागच्या त्या गल्लीत ज्यांनी तुमच्याकडून कपाट, पलंग नाहीतर देव्हारा करून घेतला असेल, ते ओळखतीलच. त्याला माझा इलाज नाही.

निमित्त असं झालं. परवा एका कला महाविद्यालयात मुलांपुढे बोलायला गेले होते. तासभर माझ्या रंगीत काचेच्या खिडक्यांची चित्रं दाखवली. प्रश्न आले ते सगळे रंगांचे. लाल कसा येतो, निळी काच कुठून आणता, चेहऱ्यावरच्या रेषा कशाने काढता? ही एवढी काच पडत कशी नाही, हे कुणीच विचारलं नाही. घरी येईपर्यंत ते डोक्यात राहिलं. कारण या न विचारलेल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर म्हणजे बरंचसं तुम्ही.

मुलांना सांगायचं राहिलं ते इथे सांगते. स्टेन्ड ग्लासमध्ये, म्हणजे या रंगीत काचेच्या कामात, काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवतात. पट्टी आडवी कापून पाहिली तर इंग्रजी एच दिसतो. दोन्ही बाजूंच्या खाचांत काच जाते. सांध्यांवर शिसं-कथलाचा डाख द्यायचा, मग जवसाचं तेल आणि खडूची पूड मळून केलेली लांबी ब्रशने खाचांत कोंबायची. ती वाळली की सगळा पट, म्हणजे जोडलेल्या काचांचा अख्खा तुकडा, आवळून येतो. पण शिसं इतकं मऊ की नखानेही ओरखडा उठतो. ते पश्चिमेच्या उन्हात तापतं, रात्री निवतं, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की पटाला पोट सुटतं. म्हणून दहा-बारा चौरस फुटांपुढे पट एकसंध ठेवत नाहीत, तो भागांत करतात. मागून आडवे गज देऊन शिसं तांब्याच्या तारेने त्यांना बांधायचं. गजांची टोकं मात्र लाकडात किंवा दगडात पक्की रुतलेली हवीत. म्हणजे फिरून फिरून सगळं वजन चौकटीवरच येतं. हे मी शिकले होते. त्या चौकटीचं लाकूड मुंबईच्या पावसाळ्यात काय काय करतं, हे कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

आपली गाठ पडली जुहूच्या एका बंगल्यात. तुम्ही खालची दारं बसवत होतात, मी जिन्यातल्या खिडकीचं माप घ्यायला आले होते. तुम्ही ओळंबा घेऊन वर आलात, काही न बोलता तो चौकटीला लावलात आणि मग विचारलंत, “बाय, ह्यां कशार रवतलां?” मी म्हटलं, चौकटीवर. तुम्ही म्हणालात, “आणि चौकट कशार?” मग बोटाच्या पेराने ठोकून दाखवलंत. चौकट नुसत्या प्लास्टरच्या जिवावर उभी होती. आत हूक नाही, पकड नाही. मालक खाली सोफ्याच्या कापडाचे नमुने बघत बसले होते. तुम्ही त्यांना जाऊन काय सांगितलंत कोण जाणे, पण दोन दिवसांत जुनी चौकट निघाली आणि तुमची सागवानी आली.

त्या चौकटीच्या खाचेत काचेपेक्षा चारही बाजूंनी तीनेक मिलिमीटर जास्त जागा सोडली होतीत. बघणाऱ्याला वाटावं, माप चुकलं. सागवान कितीही मुरलेलं असलं तरी जून-जुलैत आडव्या अंगाने थोडं फुगतंच. तेव्हा त्याला जागा मिळाली नाही तर ते काचेवर चढतं. आणि माझी काच तर तुकड्या-तुकड्यांची. दाब आला की आधी नाजूक कोपरा जातो, नेमका रंगवलेला. आजही मी कुठल्याही उघडणीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी रुंदी घेते, दोन्ही कर्ण घेते, आणि मगच चित्राचा विचार करते. ग्राहकाला वाटतं बाई वेळ काढते आहे.

माझ्या भाड्याच्या खोलीत भट्टी ठेवायला मालकाने नाही म्हटलं तेव्हा तुम्ही तुमच्या कारखान्याची मागची बाजू मला मोकळी करून दिलीत. भाडं ठरवताना जो आकडा बोललात तो ऐकून तुमचा पुतण्यासुद्धा हसला होता. विजेच्या भट्टीसाठी वेगळी लाइन ओढून घेतलीत. काचेसाठी उभ्या खणांची मांडणी केलीत, कारण काच आडवी रचली की खालचीचा जीव जातो हे तुम्हाला न सांगता कळलं. एकच गोष्ट मला आग्रहाने सांगावी लागली, ती शिशाची. शिसं पोटात गेलं की ते हाडांत जाऊन बसतं, लवकर निघत नाही. तेव्हा टेबलावर चहा नाही, कुंच्याने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय बिडीलासुद्धा हात लावायचा नाही. मला वाटलं होतं, हसण्यावारी न्याल. दुसऱ्या दिवशी तुम्ही दाराशी पाण्याचं पिंप, साबण आणि खडूने लिहिलेली पाटी ठेवलीत. आणि माझ्या ग्राहकालाही चहाचा कप घेऊन आत येऊ दिलं नाहीत! मी वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेते. अहवाल बरा आला की मला त्या पिंपाची आठवण होते.

भट्टीपाशी तुम्ही उभे राहायचात ते मला फार आवडायचं. रंग म्हणजे काय तर बारीक काचेची पूड आणि लोखंडाचं नाहीतर तांब्याचं ऑक्साइड, डिंकाच्या पाण्यात घोटलेलं. साडेसहाशे अंशांच्या आसपास ते काचेवर वितळून कायमचं बसतं. पण पिवळ्याची गोष्ट वेगळी. तो चांदीच्या क्षाराचा. तो लावताना गढूळ तपकिरी चिखल दिसतो, आणि बहुतेक वेळा काचेच्या मागच्या, म्हणजे बाहेरच्या अंगाला लावतात. “पाठीक कित्याक लावतंस?” तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, उद्या बघा. सकाळी भट्टी उघडून वरची पूड ब्रशने झाडली, आणि खाली लिंबाच्या सालीसारखा पिवळा! रंग काचेवर बसत नाही, चांदी काचेच्या आत शिरते, म्हणून खरवडूनही जात नाही. तुम्ही तो तुकडा उन्हात धरून बराच वेळ बघत राहिलात आणि मग मागून घेतलात. तो गावच्या देव्हाऱ्याच्या दारात बसवलात हे मला मागाहून कळलं.

जर्मनीहून काच आली तो दिवसही आठवतो. वाल्डसासनच्या लाम्बर्ट्स कारखान्यात अजून तोंडाने फुंकून लांब नळकांडं करतात, ते उभं चिरतात आणि भट्टीत उलगडून सपाट करतात. त्या काचेत बुडबुडे असतात, रेघा असतात, एका कडेला रंग गडद तर दुसऱ्या कडेला फिका. हाताने काच बनवण्याचं हे कौशल्य युनेस्कोने २०२३ मध्ये जर्मनी, फ्रान्स, चेकिया अशा सहा देशांच्या नावे आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. मी एकेक ताव उजेडासमोर धरून वेडी झाले होते. तुम्ही मात्र खोक्याच्या पाइनवर हात फिरवत होतात. गाठ नाही, पीळ नाही, सरळ रेषा! त्या फळ्यांचं तुम्ही स्टूल केलंत. मी आजही त्यावर बसून काच कापते.

दक्षिण मुंबईतल्या त्या जुन्या चर्चच्या खिडक्यांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. मुंबईत अशी काच बरीच आहे. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आहे, १८७८ मध्ये पुऱ्या झालेल्या राजाबाई टॉवरच्या ग्रंथालयात आहे. तिथल्या काचांचं जतन स्वाती चांदगडकर यांनी केलं. ते काम पाहूनच मला धीर आला की हे इथेही, या दमट हवेतही होतं. आपल्याला मिळालेलं काम त्याहून कितीतरी लहान. पण आधी कुणी तरी डागडुजी करताना दगडाच्या खाचेत सिमेंट भरून ठेवलं होतं. लांबी असती तर सुरीने निघाली असती. सिमेंट तर आजूबाजूच्या दगडापेक्षा कठीण. छिन्नी मारावी तर दगडाची कड जाते, जोर लावावा तर काच. तुम्ही करवतीच्या पात्याच्या एका टोकाला चिंधी गुंडाळून मूठ केलीत आणि परांचीवर मांडी घालून इंच-इंच खाच मोकळी करत बसलात. खालून फादर रोज विचारायचे, आज किती? तुम्ही बोटांनी दाखवायचात, एवढं.

पट निघाले तेव्हा ते ठेवायला प्लायचे ट्रे तयारच होते, दोन्हीकडे मुठी असलेले, म्हणजे नेताना पट उभाच राहील. मग मी त्यावर कागद अंथरून मेणखडूने शिशाचा ठसा घेतला, प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला, आणि त्यानंतरच शिसं सोडवलं. कमानींचे फरमे तुम्ही काढलेत. शेजारशेजारच्या दोन खिडक्या बघणाऱ्याला जुळ्या वाटतात, पण फरमा एकीचा दुसरीत बसेना. घडवणाऱ्या पाथरवटाचा हात दुपारनंतर जड झाला असावा, असं तुमचं मत पडलं.

खरा वाद झाला तो परत बसवताना. बाहेरून संरक्षणाला जाड काच लावायची होती. कंत्राटदाराचं म्हणणं, दोन्ही काचा सिलिकॉनने चिकटवून सगळं हवाबंद करा, पाऊस आत यायचा प्रश्नच नाही. मी त्याला समजावत होते की दोन काचांमध्ये हवा कोंडली तर दव धरतं, शिसं आणि रंग दोन्ही खराब होतात. वर-खाली हवेला वाट हवी. तो ऐकेना. तेव्हा तुम्ही मागून विचारलंत, “आणि उद्या काडूचा झाला तर?” तो गप्प झाला. जे नंतर कुणाला सोडवता येणार नाही ते करायचं नाही, हा जतनाच्या कामातला पहिला धडा आहे. लोक त्यावर परिषदा भरवतात. शिशाचं आयुष्य शंभर-सव्वाशे वर्षांचं, म्हणजे आपल्या मागे कुणी तरी ही खिडकी पुन्हा उतरवणारच. तुम्ही त्या अनोळखी माणसाच्या बाजूने बोललात. शेवटी हवेच्या फटी राहिल्या, लांबी राहिली, आणि पाणी निथळायला खाली भोकंही राहिली.

त्या कामाबद्दल छापून आलं त्यात माझं नाव आहे, वास्तुविशारदांचं आहे, देणगीदारांचं तर ठळक आहे. अफगाण चर्चसाठी काच करणाऱ्या विल्यम वेल्सचं नावही पुस्तकांत सापडतं. ती काच कुलाब्याच्या वाऱ्यात कोणी बसवली, त्या हातांची नावं मला कुठे सापडली नाहीत. तुम्ही म्हणाल, सापडून काय होणार? काही नाही. पण मला राग येतो.

पैशांचंही लिहिते. आमच्या धंद्यात काम येतं तसं येतं. दिवाळीआधी गृहप्रवेशांची घाई, मग महिनोन्‌महिने सामसूम. चौरस फुटाचा भाव सांगितला की लोक मोबाइलवर स्टिकर लावलेल्या काचेचा फोटो दाखवतात. गुलाबी महाग का, म्हणून हुज्जत घालतात. त्या गुलाबीत खरं सोनं असतं हे सांगितलं की आणखीच संशयाने बघतात. एका ग्राहकाने माझे पैसे अडकवले तेव्हा तुमची मजुरी मला देता येईना. तुम्ही म्हणालात, “तुझां येवंदे, मगे माझां बघूया.” आणि पुढे तो विषय कधी काढलाच नाहीत. त्या दिवसांत मी हे काम सोडून इंटिरियरवाल्यांकडे नोकरी धरायच्या बेतात होते. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, आता कळेल.

तुमचा पुतण्या आता माझ्या चौकटी करतो. हात तुमचाच आहे, पण घाई फार. परवा सूट दीडच मिलिमीटर ठेवली आणि वर मलाच सांगतो की हल्लीचं लाकूड फुगत नाही. त्याला एकदा फोनवर झापा. माझं ऐकत नाही, मला काचवाली म्हणतो.

आणि एक. चर्चच्या ट्रे-फरम्यांचे शेवटचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत. या आठवड्यात तुमच्या खात्यात टाकते आहे. मागच्या वेळेसारखे काजू आणि कोकम पाठवून फेडू नका. कोकम पाठवलंत तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
काचवाली बाय