देवळाभोवतीच्या गावाचीही नोंद घ्या

महोदय,

उजनी धरणाचं पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली, वजा पातळीत खोल गेलं की पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि 'प्राचीन मंदिर पुन्हा प्रकटले' अशी बातमी येते. वाचून बरं वाटतं. पण त्या छायाचित्रात देवळाभोवती जो गाळ दिसतो ना, ते आमचं जुनं पळसदेव गाव आहे. त्याविषयी बातमीत अवाक्षर नसतं.

धरण 1980 मध्ये पुरं झालं. त्याआधी गाव उठलं तेव्हा मी शाळकरी होतो. वडिलांनी माळवदाच्या तुळया, दाराची चौकट आणि आईचं जातं बैलगाडीत घालून वर, पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या नव्या गावठाणात आणलं. ती चौकट अजून माझ्या घराला आहे. उन्हाळ्यात भीमेच्या वाळूत आम्ही कलिंगडं लावायचो. नातवंडांना हे सांगतो, पण इथं नदी होती हेच त्यांच्या डोळ्यांपुढं येत नाही. पाण्यानं शेतं नेली तशा वाटाही नेल्या. पलीकडं करमाळा तालुक्यात सोयरीक असलेल्यांना आजही लांबचा वळसा, नाहीतर बोट. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीला येणारी बोट उलटून सहा जण गेले, तेव्हा रात्रभर झोप लागली नाही.

देवळाजवळ वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) आणि सती गेलेल्या बायकांच्या सतीशिळा गाळात पडून आहेत. मागच्या वेळी गेलो तर ओळखीचा एक वीरगळ जागेवर दिसला नाही. शिखराच्या विटा निसटताहेत. बघायला येणारे गाड्या थेट आत घालतात, चाकं घरांच्या जोत्यांवरून जातात. आमचं जोतं असंच तुडवलेलं पाहून मी माघारी फिरलो.

पुरातत्त्व विभागानं पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरताच दगडांची मोजदाद करावी, जोत्यांचा नकाशा काढावा आणि सुटे वीरगळ नव्या गावठाणात आणून नीट उभे करावेत. पहिला पाऊस वरच्या धरणांत साठला, तिकडून पाणी सुटलं, की सगळं परत झाकतं. कोणाचं घर कुठं, आड कुठं, पार कुठं हे सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. मोजणीला कोणी आलं तर वेशीपासून घाटापर्यंत मी स्वतः चालत दाखवीन.

एक धरणग्रस्त,
पळसदेव, ता. इंदापूर, जि. पुणे