ईस्टव्हिलच्या वह्या वाचायला शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

नवऱ्याच्या घराण्याची वंशावळ पूर्ण झाली. पूर्ण म्हणजे तुम्ही म्हणता तशी, जिथवर कागद आहे तिथवर. वहीत तुमचं नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत, ते पाळलं आहे. इथेही नाव लिहीत नाही. पण आभार मनात ठेवून गप्प बसणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत वाचता येईल असं लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण आपलं सगळं बोलणं मराठीतच झालं. शिवाय माझ्यासारख्या कितीतरी मराठी मुली आणि मुलगे आज अमेरिकेतल्या व्हर्जिनिया-मेरीलँडच्या जुन्या घराण्यांत नांदत आहेत. त्यांची मुलं उद्या विचारतील की आजीकडचं सांगलीचं कळलं, आता आजोबांकडचं सांग. तेव्हा त्यांना तुमची पद्धत ठाऊक असावी.

सासूबाईंकडे एक छापील वंशवृक्ष होता. इंग्लंडहून आलेला एक सरदारवजा गृहस्थ, त्याखाली मुलगा, नातू, पणतू, सगळी सरळ रेघ. तुम्ही तो शांतपणे पाहिलात आणि विचारलंत, "प्रत्येक रेघेला कागद कुठला?" एकाही रेघेला नव्हता. मग तुम्ही म्हणालात, तुमचं घराणं ईस्टर्न शोअरचं आहे हे तुमचं भाग्य. चेसापीक उपसागरापलीकडच्या त्या चिंचोळ्या पट्टीवरच्या नॉर्थहॅम्प्टन काऊंटीत (म्हणजे जिल्ह्यात), ईस्टव्हिल गावी, न्यायालयाच्या वह्या १६३२ पासून सलग टिकल्या आहेत. इंग्रजी वसाहतींतून देश घडला त्या साऱ्या मुलखात इतकी जुनी अखंड मालिका दुसरी नाही. जेम्स सिटीसारख्या काऊंट्यांनी यादवी युद्धात वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून रिचमंडला पाठवल्या आणि एप्रिल १८६५ च्या आगीत त्या तिथेच जळाल्या. त्या काऊंट्यांतली माणसं आजही शेजारच्या काऊंटीच्या वहीत आपल्या पणजोबाचा एखादा उल्लेख शोधत बसतात.

लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे तुम्ही मला पहिलं पान लावून दिलंत तेव्हा अक्षर लागेना. तुम्ही तरुणपणी मोडी शिकला होतात, आणि तीच रीत इथे लावलीत. मोडी पत्राचा मायना ठरलेला असतो, तसा जुन्या मृत्युपत्राचाही मायना ठरलेला: देवाचं नाव, मग ‘शरीराने दुर्बळ पण स्मृती शाबूत’, मग आत्मा देवाला आणि देह मातीला. शब्द माहीत असतात, म्हणून अक्षरं ओळखता येतात. त्या ओळींवरून त्या कारकुनाची बाराखडी कागदावर मांडून घ्यायची आणि मगच नावांकडे वळायचं. कारकून बदलला की नवी बाराखडी. तारखांचंही तसंच. १७५२ पर्यंत तिथे वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे जानेवारीत केलेलं मृत्युपत्र आपल्या हिशेबाने पुढच्या वर्षाचं. हे तुम्ही मला भिंतीवर चिकटवायला लावलंत, आणि ते अजून तिथेच आहे.

खरी गाठ होती अठराव्या शतकात. एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच नावाची दोन माणसं. थोरल्या माणसाच्या मृत्युपत्रात बायको, धाकटे दोन मुलगे, मुली, अगदी खोगीरसुद्धा आहे, पण आमच्या माणसाचं नाव नाही. छापील वृक्षाने तर त्याला सरळ दुसऱ्याच बापाच्या पोटी घातलं होतं. तुम्ही म्हणालात, नाव नाही म्हणून मुलगा नाही असं होत नाही. व्हर्जिनियात क्रांतीनंतर, १७८५ मध्ये कायदा होईपर्यंत, मृत्युपत्रात न वाटलेली जमीन थोरल्या मुलाला आपोआप जात होती. ज्याला कायदाच देतो त्याचं नाव बाप कशाला लिहील? तेव्हा माणसाच्या मागे न लागता जमिनीच्या मागे लागायचं. ती जमीन बापाने कधी विकली नाही, कुणाला दिली नाही, आणि वीसेक वर्षांनी आमचा माणूस ती विकायला उभा राहतो, तेव्हा खरेदीखतात लिहिलेलं सापडतं की ही त्याला बापाकडून वारशाने आली. त्याच खताच्या शेवटी न्यायाधीशांनी त्याच्या बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारल्याची नोंद आहे, की विधवेच्या तिसऱ्या हिश्श्यावरचा हक्क तू राजीखुशीने सोडतेस ना. तिचं नाव आम्हांला त्या एका ओळीतूनच मिळालं. दुसरीकडे कुठेही ती नाही.

करपात्र माणसांच्या याद्या, अनाथांचे हिशेब, पालकाला जामीन राहिलेली माणसं, हे सगळं तुम्ही त्याच एका पिढीसाठी धुंडाळलंत. मुलगा सोळाचा झाला की बापाच्या नावाखाली करयादीत येतो, म्हणजे जन्माचं साल अंदाजे हाती लागतं. जामीन कधीकधी बायकोचा भाऊ निघतो. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर कंटाळवाणं वाटलं असतं. तुमच्या शेजारी बसून ते इतकं जिवंत झालं की जेवायची आठवण राहत नसे.

आणि शेवटी सरदार गेला. त्याच्या जागी १६६० च्या दशकाच्या अखेरचा एक मुलगा आला, चाकरीच्या करारपत्राशिवाय जहाजातून उतरलेला. त्याचं वय ठरवण्यासाठी मालकाने त्याला न्यायालयापुढे उभं केलं होतं. कायदा असा होता की अशा नोकराचं वय एकोणीसच्या आत ठरलं तर चोविसाव्या वर्षापर्यंत चाकरी. न्यायाधीशांनी त्याच्याकडे पाहून चौदा ठरवलं. त्या मुलाचे आईबाप कोण, गाव कुठलं, काहीच लिहिलेलं नाही, आणि तुम्ही मला तिथे थांबायला लावलंत. सासूबाईंना हे सांगताना मी धास्तावले होते. त्या बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "दहा वर्षं राबला पोरगा." त्या दिवसापासून घरात त्याचंच नाव निघतं.

पण काका, हे पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. त्या थोरल्या माणसाच्या मृत्युपत्रामागे मालमत्तेची यादी होती. शपथ घेतलेले शेजारी खोल्याखोल्यांतून फिरून लिहीत गेले: पिसांची गादी, लोखंडी भांडं, प्यूटरच्या (कथलाच्या मिश्रधातूच्या) थाळ्या वजनावर, गाई, घोडी. आणि त्याच ओळींत, त्याच शाईने, माणसं. नाव आणि पुढे किंमत. आईच्या पाठोपाठ तिची लेकरं. एका म्हाताऱ्या बाईपुढे किमतीच्या जागी शून्य. मी विचारलं, ही नावं आपल्या वंशावळीत कुठे घालायची? तुम्ही म्हणालात, "जागा आपण करू. आधी पान पुरतं उतरव, एकही नाव गाळू नकोस."

मग तुम्ही जे समजावलंत ते मी आयुष्यात विसरणार नाही. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली, फक्त वय, लिंग आणि रंग अशी आहे. देशभरच्या जनगणनेत ती माणसं नावानिशी येतात ती १८७० मध्ये. त्यामागे जायचं तर त्यांच्या वंशजांना आधी मालकाचं घराणं शोधावं लागतं आणि मग त्याची मृत्युपत्रं, वाटण्या, खरेदीखतं. म्हणजे आम्ही ‘आमचे’ म्हणून जे कागद चाळत होतो, ते दुसऱ्या कितीतरी घरांचेही होते, आणि त्यांच्याकडे दुसरा कागदच नव्हता. १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या स्थितीत जन्मतं असं ठरवलं, म्हणून या याद्यांत आई सापडते आणि बाप सापडत नाही. जो कायदा बेड्या घालण्यासाठी केला, त्याच्यामुळेच आज आईपर्यंतची वाट राहिली आहे. हे सांगताना तुमचा आवाज कापरा झाला होता.

त्याच आठवड्यात तुम्ही मला इमॅन्युएल ड्रिगस या आफ्रिकन गुलामाच्या नोंदी वाचायला दिल्यात. त्याने १६४५ मध्ये एलिझाबेथ आणि जेन या दोन लहान मुलींबद्दल मालक फ्रान्सिस पॉटशी झालेला करार न्यायालयाच्या वहीत नोंदवून घेतला. त्या जन्मभराच्या गुलाम होऊ नयेत, ठरावीक काळच चाकरी करतील, म्हणून. १६५२ मध्ये त्याने जेनला पैसे भरून मोकळं केलं. आणि १६५७ मध्ये पॉटने त्याची दोन मुलं, अ‍ॅन आणि एडवर्ड, दुसऱ्यांना विकली. तीच वही, तेच न्यायालय. एका बापाला कागदाची ताकद किती नेमकी कळली होती, आणि तरी ती कुठे अपुरी पडली, हे त्या नोंदींत आहे.

अँथनी आणि मेरी जॉन्सनही तिथेच भेटले. १६२१ मध्ये ‘अँटोनिओ’ म्हणून आणलेला हा आफ्रिकन माणूस १६५१ मध्ये २५० एकरांचा धनी होता. आगीत नुकसान झालं तेव्हा १६५३ मध्ये न्यायालयाने मेरीला आणि दोन मुलींना कर माफ केला. १६५५ मध्ये त्याच न्यायालयाने जॉन केसर हा आफ्रिकन माणूस जन्मभर जॉन्सनच्याच चाकरीत राहील असा निकाल दिला. हेही वाचायलाच हवं, असं तुम्ही म्हणालात, आवडो न आवडो. पुढे कुटुंब मेरीलँडच्या सॉमरसेट काऊंटीत गेलं. अँथनीच्या मृत्यूनंतर, १६७० मध्ये, व्हर्जिनियातल्या ज्यूरीने ठरवलं की तो कृष्णवर्णीय, म्हणून परका, आणि म्हणून त्याची जमीन सरकारजमा व्हावी. १६७७ मध्ये नातवाने मेरीलँडमध्ये ४४ एकर घेतले आणि त्यांना नाव दिलं ‘अंगोला’. आमच्या घराण्याचा तो चौदा वर्षांचा पोरगा याच किनाऱ्यावर, याच वर्षांत चाकरी करत होता. एकाला चोविसाव्या वर्षी सुटकेची तारीख होती, ड्रिगसच्या विकल्या गेलेल्या मुलांना नव्हती. हा फरक मला कुठल्याही व्याख्यानातून इतका कळला नसता.

जाता जाता तुम्ही तो १६३५ चा उल्लेखही दाखवलात: जॉर्ज मेनिफीने आणलेल्या माणसांपोटी माणशी ५० एकर जमीन मागितली, त्या यादीतला ‘टोनी, ईस्ट इंडियन’. आपल्याकडचा कुणीतरी, कुठल्या बंदरावरून आला, त्याची भाषा काय होती, पुढे काहीच नाही. आपण दोघंही मग बराच वेळ बोललो नाही.

तुमच्या सांगण्याप्रमाणे वहीला दुसरी सूची जोडली आहे. नाव, आई, साल, कुणाकडून कुणाकडे, कुठल्या वहीचं कुठलं पान. सगळ्या मृत्युपत्रांतली, वाटण्यांतली आणि जप्तीतली नावं त्यात आहेत. गेल्या महिन्यात फिलाडेल्फियाहून एका शिक्षिकेचं पत्र आलं. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं एक आडवळणाचं मुलीचं नाव आमच्या एका वाटणीत आहे, आणि गावही जुळतं. एवढ्यावर नातं सिद्ध होत नाही, हे मी त्यांना तुमच्याच शब्दांत लिहिलं. आता आम्ही दोघी मिळून पुढच्या पिढीची खरेदीखतं वाचतो आहोत. त्यांनी विचारलं, ही सूची करायचं तुम्हांला कसं सुचलं? मला सुचलं नव्हतं, काका. तुम्ही सुचवलंत, आणि निवृत्तीनंतरचे तुमचे शनिवार आम्हांला दिलेत. त्यांच्या वतीनेही तुमचे आभार मानते.

१७९० च्या दशकातल्या वाटणीच्या एका पानाची छायाप्रत सोबत पाठवते आहे. चौथ्या ओळीतलं नाव आम्हां दोघींना वेगवेगळं लागतंय. सवडीने पाहून कळवाल का? सासूबाईंनी तुम्हां उभयतांना जेवायला बोलावलं आहे, खेकड्यांचा हंगाम आहे तोवर या. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
ईस्टर्न शोअरची एक सून