१०० टन उसाचा हिशेब

चि. सोनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझ्या मटेरियल बॅलन्सच्या, म्हणजे वस्तुमानाच्या ताळ्याच्या, अभ्यासावरून मी आवाज चढवायला नको होता. "बाबा, यात केमिस्ट्री कुठे आहे? आत किती गेले, बाहेर किती आले, एवढीच बेरीज-वजाबाकी. मी सरळ बी.एस्सी.ला जाते," असे तू म्हणालीस आणि माझा तोल सुटला. राग तुझ्या २० पैकी ६ गुणांचा नव्हता. डिसेंबरातल्या तुझ्या कारखान्यातील प्रशिक्षणाविषयी या पत्रात लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे.

त्या बेरीज-वजाबाकीचेच सांगतो. १०० टन ऊस गाळताना ३० टन पाणी मारले आणि ३० टन बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निघाले, तर रस १०० टन मिळालाच पाहिजे. तो १५ ब्रिक्सचा, म्हणजे वजनाने शंभर भागांत १५ भाग साखरेसारखे विरघळलेले पदार्थ असलेला, रस ६० ब्रिक्सपर्यंत आटवायचा, तर सिरप २५ टन होणार आणि ७५ टन पाणी उडवावे लागणार, हे वाफ सोडण्याआधीच कागदावर कळते. मला हे नोकरीत बोलणी खाऊन समजले. तू एकोणिसाव्या वर्षी शिकते आहेस, याचा मला किती अभिमान वाटतो, ते फोनवर सांगायचे राहूनच गेले.

आक्काच्या लग्नाच्या हंगामात साखर रोज कमी भरत होती आणि सगळे वजनकाट्याला दोष देत होते. टप्प्याटप्प्याने ताळा मांडला, तेव्हा तूट रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरपाशी निघाली. वाफेचे पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या पाण्याच्या नमुन्यात आल्फा-नॅफ्थॉल घालून परीक्षानळीच्या कडेने सल्फ्युरिक ॲसिड हळूच सोडले, तर दोन थरांच्या मध्ये जांभळे कडे उमटले, म्हणजे त्या पाण्यात साखर होती. रस वाफेबरोबर वाहून जात होता. ती केमिस्ट्रीच होती, सोनू, पण ती नेमकी कुठे करून पाहायची, हे त्या हिशेबाने दाखवले.

पुन्हा व्याख्यान झाले, क्षमा कर. पण माझ्या डाव्या हातावरचा डाग तू लहानपणी बोटाने चाचपायचीस, त्याची हकिकत तुला कधी पूर्ण सांगितली नाही. भांडे रिकामे आहे असे धरून मी व्हॉल्व्ह उघडला होता. आत किती गेले आणि बाहेर किती आले, एवढे लॉगबुकात पाहिले असते, तर आत गरम रस शिल्लक आहे हे मला कळले असते. तुझे ते वाक्य ऐकले आणि मला तोच व्हॉल्व्ह दिसला.

शिक्षणाचे तुझे तू ठरव, आईचेही तेच म्हणणे आहे. अडलेल्या उदाहरणाचा फोटो पाठव, आपण रात्री मिळून सोडवू. आणि डिसेंबरात जाशील तेव्हा पूर्ण बाह्यांचा सुती शर्टच घाल.

तुझे,
बाबा