आधी चलन, मग वजावट

संपादक महोदय,

सॉफ्टवेअर घेतलं की ग्रुपमधल्या सगळ्या कंपन्यांचे हिशोब एका क्लिकमध्ये एकत्र होतात असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून हे लिहितोय. मी हेच काम करतो आणि खरी डोकेदुखी आकड्यांची नसतेच, कुठलं टास्क आधी नि कुठलं नंतर याची असते. आधी प्रत्येक कंपनीचा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी) लोड करून तपासायचा, मग चलन बदलायचं (आयएएस 21 या परकीय चलनाच्या आंतरराष्ट्रीय हिशोब-नियमाप्रमाणे देणी-मालमत्तेला क्लोजिंग रेट म्हणजे हिशोबाच्या शेवटच्या दिवसाचा दर, उत्पन्न-खर्चाला बहुतेक वेळा सरासरी रेट), मग आपापसातली येणी-देणी उडवायची, मग बाकीचं.

आमच्याकडे एकदा एलिमिनेशन, म्हणजे ही येणी-देणी उडवायचं टास्क, चलन बदलायच्या आधीच रन झालं. एका कंपनीचं 100 डॉलर येणं, दुसरीच्या पुस्तकात तेच 92 युरो देणं, सिस्टीमने सरळ 100 वजा 92 केलं नि 8 चा फरक दाखवला, आणि आम्ही अर्धी रात्र तो फरक शोधत बसलो जो मुळात नव्हताच!

त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी उशिरा एक जर्नल एंट्री (हिशोबातली नोंद) टाकतं, पुढची सगळी टास्कं परत चालवायला हवीत, पण स्क्रीनवर सगळं हिरवंगार, म्हणजे ‘झालं’. आधीचं बदललं की पुढचं आपोआप लाल व्हावं, एवढं तरी सॉफ्टवेअरवाल्यांनी द्यावं की. आणि पोटग्रुप (ग्रुपच्या आतला छोटा ग्रुप) असेल तर तो आधी, वरचा नंतर, हे सेटअपमध्येच बांधून टाका, कुणाच्या तरी लक्षात राहील या भरवशावर सोडू नका.

आपला,
एक वैतागलेला अकाउंटंट