प्रागहून पत्र: पेत्र एबेन आणि त्याचा ऑर्गन

प्रिय अण्णा, आई,
सा. न.

अण्णा, तुम्ही फोनवर विचारलंत की तिकडच्या चर्चमधला ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातलाच का, आणि नेमकं नेट गेलं, म्हणून आता सविस्तर लिहितेय. तो नाही. तुमच्यात पायाने भाता चालवायचा आणि आत रीड असतात, इथे सगळे पाइप, आणि ओल्ड टाउनमधल्या सेंट जेम्स चर्चच्या ऑर्गनला तर आठ हजारांच्या वर पाइप आहेत. वाजवणाऱ्याच्या पायाखाली अजून एक कीबोर्डच असतो, खर्जाचे सूर पायाने वाजवायचे.

परवा तिथे पेत्र एबेन या चेक संगीतकाराचं 'मोतो ओस्तिनातो' ऐकलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. 'रविवारचं संगीत' म्हणून त्याची चार भागांची रचना आहे १९५७ ते ५९ मधली, त्यातला हा तिसरा भाग. एक छोटी ठाशीव लय धरतो ती सोडतच नाही, आणि तिच्या अंगावर बाकीचं सगळं चढत जातं. वादक वर मागच्या गॅलरीत असतो म्हणून दिसत नाही, पण पुढे स्क्रीन लावला होता, त्यावर त्या बाईंचे पाय दिसत होते, टाच आणि चवडा आलटून पालटून, आणि बाकावर बसल्या बसल्या ते सूर आपल्याला पाठीत जाणवतात.

घरी येऊन त्याच्याबद्दल वाचत बसले. जन्म १९२९ चा, वाढला चेस्की क्रुमलोव या चेक गावात, लहानपणीच तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला लागला. वडील ज्यू घरातले, त्यामुळे घरात कॅथलिक वातावरण असूनही नाझींनी त्याला शाळेतून काढलं आणि पुढे बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं, तेव्हा मिसरूडही फुटलं नसेल. त्याने स्वतः सांगितलंय की त्याला आणि भावाला एका न्हाणीत कोंडलं, आता गॅस येणार असं समजून दोघं थांबले होते आणि वरून पाणी आलं. आई, हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून जरा खाली चक्कर मारून आले.

सुटून आला तर थोड्याच वर्षांत कम्युनिस्टांचं राज्य. हा पार्टीत गेला नाही आणि चर्चला जाणं उघडपणे चालूच ठेवलं. १९५५ पासून चार्ल्स युनिव्हर्सिटीत शिकवत होता तरी प्रोफेसर व्हायला १९९० उजाडलं, म्हणजे ते राज्य गेल्यावरच. मला वाटतं त्याच्या संगीताचं सगळं बळ इथेच आहे, देवाची स्तुती करतो पण दुःख झाकून नाही करत.

त्याचं ऑर्गनसाठीचं 'ईयोब' ऐकाल तेव्हा कळेल. बायबलमधला तो सज्जन माणूस, ज्याचं सगळं हिरावून घेतलं जातं तरी श्रद्धा सुटत नाही. १९८७ ची रचना, आठ भाग, नशीब, श्रद्धा, दुःख स्वीकारणं, मरणाची इच्छा असं करत जातं आणि शेवटी एका जुन्या चेक भजनावर येतं. तिथे पोचेपर्यंत इतका कडवटपणा ऐकलेला असतो की ते भजन सोपं वाटतच नाही, कमावलेलं वाटतं.

आणि अण्णा, तुमच्या आवडीची गोष्ट म्हणजे हा आयत्या वेळी सुचेल तसं वाजवण्यात फार मोठा होता. कोणी मजकूर वाचायचं आणि हा त्या ओळींवर तिथल्या तिथे ऑर्गन वाजवायचा, त्यातल्या काही रचना नंतर लिहून काढल्या. रागविस्तार नाही हा, पण तुम्हाला पटेल नक्की. २००७ मध्ये गेला. त्याच्या तिन्ही मुलांचा बँड आहे, इथे लोकांना खूप आवडतो.

लिंक व्हॉट्सॲपवर टाकतेय. मोबाईलवर ऐकू नका, खर्ज मुळीच येत नाही, दादाला सांगून हॉलमधल्या मोठ्या स्पीकरवर लावा. आधी 'मोतो ओस्तिनातो', मग 'ईयोब', आणि तुमच्या ग्रुपमधल्या काकांनाही बोलवा, ते काय म्हणतात ते मला कळवा.

तुमची,
मनू