थरच्या वाळवंटातून आल्यावर: सायकलवाल्या मामांना पत्र

आदरणीय मामांना,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते, तर "त्यात काय ओ" म्हणून तुम्ही दुसऱ्या चाकाला हात घातला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. नातू वाचून दाखवेलच.

जैसलमेर ते पाकिस्तान सीमेजवळचं तनोट हा साधारण १२० किलोमीटरचा रस्ता डिसेंबरात एका दिवसात सायकलने झाला. तो माझ्या पायांइतकाच तुमच्या शिकवण्यामुळे झाला. जाण्याआधी सायकल तुमच्या दुकानात टाकायला आणली, तर तुम्ही ती ठेवून घेतली नाहीत. मला बाकड्यावर बसवलंत, पाना हातात दिलात आणि म्हणालात, "शिकून घ्या की, रानात मी कुठं येणार हाय?" चाक डगमगत फिरतं तो आऊट कसा काढायचा, आसावरचा कोन किती आवळायचा, आतले छर्रे झिजलेत हे कशावरून ओळखायचं... शटर ओढायची वेळ टळून गेली तरी शिकवत होता. बाईमाणसाला हे कशाला, असं एकदाही तुमच्या तोंडून आलं नाही. बेळगावात मी हे वाक्य बऱ्याच ठिकाणी ऐकलेलं आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

आपल्याकडे डिसेंबरात सातच्या सुमारास सूर्य उगवतो, जैसलमेरला साडेसात होत येतात, आणि संध्याकाळी सहाच्या आत तो बुडतोही. हाताशी उजेड जेमतेम साडेदहा तासांचा. सकाळी ब्रेक दाबायला बोटं वाकत नव्हती, दुपारी स्वेटर काढून पिशवीत कोंबावा लागला. गावाबाहेर पवनचक्क्या लागतात, मग रामगढपर्यंत बहुतेक सपाट, खडकाळ माळ. रुई, केर, मधूनच एखादी खेजडी, म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो ती शमी. वाळूच्या मोठ्या टेकड्या रामगढ सोडल्यावर दिसायला लागतात. रस्ता त्यांच्यावरून चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, आणि वाऱ्याने वाळू डांबरावर येऊन पडलेली असते. चेनला थेंब थेंब तेल सोडून वरून फडक्याने कोरडी पुसा, तेलकट चेनला वाळू धरते आणि दाते खाते, असं तुम्ही बजावलं होतं. दिवसभर चेन एकदाही कुरकुरली नाही.

पंक्चर मात्र झालं. रामगढच्या पुढे पाणी प्यायला रस्त्याच्या कडेला उतरले, आणि थोडं पुढे गेल्यावर मागचं चाक बसलं. सराटे! तुम्ही अथणीकडच्या कोरड्या मुलखातले, त्यामुळे सराट्यांचं मी तुम्हाला काय सांगावं. ट्यूब बाहेर काढली, पण बुडवून बघायला पाणी कुठलं? पिण्याचंच मोजून होतं. "पाणी नसलं तर ट्यूब फुगवून गालाजवळनं फिरवा," हे आठवलं. पण तिथला वारा एवढा, की गालाला दुसरं काही कळेना. शेवटी ओढणी डोक्यावरून घेतली आणि तिच्या आत ट्यूब हळूहळू फिरवली. ओठाखाली सुईएवढी गार झुळूक लागली. सापडलं भोक! घासलं, सोल्यूशन लावलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबले, मग पॅच दाबला. टायरच्या आतून बोट नाही, फडकं फिरवायचं, हेही तुमचंच. फडकं एका जागी अडकलं. सराट्याचं मोडलेलं टोक रबरात रुतून बसलं होतं, बाहेरून दिसतही नव्हतं. ते तसंच राहिलं असतं, तर ट्यूब पुन्हा फुटायला कितीसा वेळ लागला असता? चिमट्याने उपटलं आणि तुम्ही बरोबर दिलेल्या पंपाने हवा भरली.

मी हवा भरत असतानाच जवानांची एक गाडी थांबली. मदत हवी का, म्हणून त्यांनी आपुलकीने विचारलं. मी म्हटलं, नको, झालंच आहे. मामा, त्या ओसाड रस्त्यावर मला ते "नको" म्हणता आलं, त्याचे हे आभार आहेत. पुढचा सगळा रस्ता मी टायरकडे बघत नाही, आजूबाजूला बघत गेले.

तनोटला सूर्य बुडायच्या आत पोचले. तिथलं मातेचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं. १९६५ च्या युद्धात पडलेले, पण न फुटलेले तोफगोळे आत मांडून ठेवले आहेत. भाऊ जीप घेऊन आलाच होता, त्याने आधी माझे काळे झालेले हात बघितले आणि मग देवीचं दर्शन घ्यायला सांगितलं.

आता एक तक्रार. तुम्ही पॅच आणि सोल्यूशनचे तेवढे पैसे घेतलेत, शिकवल्याचे घेतले नाहीत. हे मला पटलेलं नाही. रविवारी आमच्याबरोबर सायकल चालवणाऱ्या मुलींनाही हे काम शिकायचं आहे. एक दुपार त्यांच्यासाठी काढा आणि त्या दिवसाची मजुरी रीतसर घ्या. नाही म्हणायचं नाही. शुक्रवारी पंप आणि कुंदा घेऊन येते, तेव्हा वार ठरवू.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची,
निळ्या सायकलवाली