तुझ्या उशाशी मांडलेल्या डब्यांबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. नडगीत रॉड बसून तीन आठवडे झाले, टाके निघाले, आणि आता उशाशी डब्यांची रांग: क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, सेलेनियम, शिवाय कसलासा अर्क. 'अँटिऑक्सिडंट घेतले की हाड लवकर जुळेल ना?' असं विचारतोस. नुसतं 'हो' लिहून मोकळा झालो असतो, पण तसं नाहीये.

ऑक्सिडेशन म्हणजे गंज आणि गोळी म्हणजे पॉलिश पेपर, असं काहीसं तुझ्या डोक्यात आहे. अर्धंच खरं. हाड मोडलं, वर शस्त्रक्रिया झाली, की तिथे रक्ताची गाठ धरते. पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतू मारायला मुद्दाम सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक आक्रमक रूप, सोडतात. ज्याला तू शत्रू समजतोस ते सुरुवातीच्या दिवसांत आपलंच हत्यार असतं. त्याचा निचराही शरीर स्वतःच करतं. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे एन्झाइम (मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ते १९६९ साली दाखवून दिलं) त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, मग कॅटॅलेज त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं.

बिघडतं ते ऑक्सिडेशनची ही धग निवतच नाही तेव्हा. हाड रचणाऱ्या पेशी मंदावतात आणि हाड कुरतडणाऱ्यांना चेव येतो. धग कशाने टिकते? आटोक्यात नसलेल्या मधुमेहाने, आणि सिगारेटने. खिडकी उघडून तू अजून ओढतोस हे वहिनींनी मला कळवलंय, उगाच त्यांच्यावर चिडू नकोस. सिगारेटच्या धुरातच मुक्त मूलकं (सुपरऑक्साइडसारखेच आक्रमक कण) असतात, त्यात निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. हाड न जुळण्याचा धोका धूम्रपानाने वाढतो, हे तुझ्या सगळ्या डब्यांच्या लेबलांपेक्षा पक्कं आहे.

क जीवनसत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी, आणि मला फार आवडणारी. हाडात खनिजाखाली कोलॅजनची वीण असते. तिचे धागे घट्ट वळायला क जीवनसत्त्व लागतंच. १७४० च्या दशकात ब्रिटिश नौदलातल्या ॲन्सनच्या जहाजांवर स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, पसरला. आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत, म्हणजे १६९० साली, जखमी झालेला एक माणूस तिथे होता. पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या त्याच्या जखमा पुन्हा उघडल्या, आणि केव्हाच जुळलेल्या हाडाचा सांधाही विरघळला! जुळलेलं हाड एकदाचं बांधून संपत नाही रे, शरीर त्याची डागडुजी जन्मभर करत असतं. पुरवठा तुटला की जुनं कामही उसवतं.

पण उणीव भरणं निराळं आणि पोट भरलेल्याला आणखी वाढणं निराळं. माझं मनगट मोडलं तेव्हा मीही रोज ५०० मिलिग्रॅम घेतलं, पन्नास दिवस. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीत या मात्रेने मनगटाच्या फ्रॅक्चरनंतरचं ते चिवट, जळजळणारं दुखणं कमी झालेलं दिसलं होतं. पुढे २०१४ च्या मोठ्या चाचणीत काही फायदा दिसला नाही. माझं मनगट बरं झालं, पण ते गोळीने की नुसत्या दिवसांनी, देव जाणे.

तेव्हा क जीवनसत्त्व घे हवं तर, फार नाही. दिवसाला दोन ग्रॅमच्या पुढे तर नकोच. ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस रक्तस्राव वाढवू शकतात, आणि तुला रक्त पातळ करणारं औषध चालू आहे. ती डबी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नकोस. अर्काची बाटली तर खुशाल टाकून दे. पोटभर प्रथिनं, फळं, भाज्या खा. सांगतील तेवढाच भार पायावर दे.

पुढचा एक्स-रे झाला की त्याचा फोटो पाठव. भेगेभोवती धूसर ढगासारखं काही दिसलं तर तो कॅलस, म्हणजे जुळताना तयार होणारं नवं हाड. मला तो बघायचाय.

तुझाच,
मनगटवाला